कानपिळीचा फोटो

धारूर,
ता. १८ नोव्हेंबर २०२५

प्रिय युवराजदादा,

शिवकन्येचा नमस्कार. इकडं आम्ही दोघी बऱ्या आहोत, तूही पुण्यात बरा असशील. हे पत्र तुझ्या तक्रारीच्या मेलवर आलं म्हणून दचकू नकोस. माझा नंबर तू ब्लॉक केलास, आणि आईच्या फोनवरून केला तर माझा आवाज ऐकून कट करतोस. पण गिऱ्हाइकाची तक्रार तू वाचल्याशिवाय राहत नाहीस. तर समज, मी गिऱ्हाईकच आहे.

आईचा गुडघा थंडीनं धरलाय. तूर झकास आहे. सीताफळं यंदा लई आली होती. दिवाळीला तू येशील म्हणून आईनं तुझ्या वाटची पेंढ्यात घालून ठेवली. तू आला नाहीस, ती काळी पडली. शेवटी म्हशीला घातली.

दिवाळी झाल्यापासून मी कौशल्याबाईंच्या वधू-वर सूचक मंडळात बसते. बायोडाटे टाईप करते, फोन घेते. घरात बसून आईचा चेहरा बघण्यापेक्षा बरं. त्यांची वेबसाईट तूच करून दिलेली. मेळाव्याची तारीख, बातम्या, रंगसुद्धा बाईंना बदलता येतो. फक्त पहिल्या पानावरची ती वरची चौकट हलत नाही. क्लिक केलं की बारकं कुलूप दिसतं आणि संपलं.

बाई म्हणतात, "तुज्या भावाला सांग की गं. मी हात लावील तिथलं पुसून टाकते, म्हणून त्यानं कुलूप घातलं, ते ब्येस केलं. पर आता तेवढा फोटो काढू दे. तुलाच रोज बघावा लागतुया."

बाईंनी तुला तक्रारीवर तक्रार पाठवली. तुझं उत्तर ठरलेलं: हा ब्लॉक थीमचा भाग आहे, ग्राहकाला बदलता येणार नाही. दादा, ग्राहकाला येत नाही हे खरंच आहे. तुला येतं. तू ते कुलूप घातलंस तेव्हा मी शेजारी शेंगा सोलत बसले होते. "बघ शिवे, आता हा फोटो कुणाच्या बापाला हलवता यायचा नाही," असं म्हणून तू माझ्या पाठीत धपाटा घातला होतास. मला काय थीम शिकवतोस?

फोटो आहेच तसा देखणा. कानपिळीचा. तू अंगदचा कान पिळतोयस, तो खोटं खोटं ओरडतोय, मी मुंडावळ्या सावरत हसतेय. खाली तू लिहिलंस, "अशी जुळते सोयरीक", आणि दोन्ही घरांची नावं, गावासकट. तुझा होस्टेलपासूनचा दोस्त, तूच आणलेलं स्थळ. म्हणूनच मी माहेरी परत आले तेव्हा तू म्हणालास, भांड्याला भांडं लागतंच, आठ दिवस राहा आणि जा. मी गेले नाही. तेव्हापासून तू माझ्याशी बोलत नाहीस. कुलूप आहे तोवर माझा संसार शाबूत, असंच धरून बसलायस ना?

तेही मी चालवून घेतलं असतं. रोज माझं मीच हसणं बघत बसले असते. पण परवा आष्टीकडचे पंडितराव म्हणून एक गृहस्थ आले, सोबत बायको आणि मुलगी संस्कृती. नुकतीच बी.ए. झालेली, गोड पोर. पंडितरावांनी त्या फोटोवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "असं घर पायजे बाई. ह्या पोराला धाकला भाऊ हाय का?"

आहे. पप्पू. अजून लग्नाचा.

मी समोरच बसले होते, पण त्यांनी मला ओळखलं नाही. फोटोतली मी भरलेली होते, आता पार वाळलेय.

संस्कृती पाणी प्यायला आत आली. मी तिच्या मागं गेले. म्हणाले, "माझ्या डाव्या कानात काहीतरी बोल." ती बावरली, पण वाकून बोलली. काय बोलली मला माहीत नाही. मी तिला तेच सांगितलं, आणि हे कुठल्या घरात झालं तेही सांगितलं.

तुला मी सांगणार नव्हते. मोरीत पाय घसरला असं आईला सांगितलं, डॉक्टरला सांगितलं, तुलाही तेच. घसरले नाही रे. अंगदनं मारलं. ती पहिली खेप नव्हती, फक्त त्या खेपेला कान गेला. पप्पू तेव्हा उंबऱ्यात उभा होता. मला वाटलं सोडवायला येतोय. तो आत आला आणि त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला.

कान तू त्याचा पिळलास, गेला माझा.

पोरीनं बाहेर जाऊन बापाला सांगितलं. तो माझ्याकडं बघायला लागला, मग फोटोकडं. "फोटोत तर चांगल्या हसतायसा की तुमी! नांदायचं न्हाई म्हणून आलेल्या बाया असंच बोलत्यात." बाई मध्ये पडल्या, शपथा घातल्या. तर म्हणाले, "खोटाय म्हणता तर ठिवलाय कावून? काढा की मग."

बाई क्लिक करत राहिल्या. पुन्हा पुन्हा. तेवढं कुलूप दिसायचं. पंडितराव हसले आणि उठले. रविवारी केजला, अंगदच्याच घरी, पप्पूसाठी बैठक ठरलीय. जाताना ती पोर मागं वळून माझ्याकडं बघत होती.

मला तुझी माफी नको आहे. नांदायला मी जाणार नाही, तो विषय सोड. पण रविवारच्या आत ते कुलूप काढ आणि फोटोही काढ. त्या जागी काय टाकू, असं विचारशील. काही टाकू नकोस. चौकट उघडीबोडकी राहू दे. मी पंडितरावांना फोन करून सांगेन, आता बघा म्हणून.

तुझा राग येतो मला, लई येतो. पण हे काम तुझ्याशिवाय कुणाला जमायचं नाही, आणि तुझ्याशिवाय मला दुसरा भाऊ नाही.

आईला अजून मोरीच माहीत आहे. रोज आपल्या घरच्या मोरीची फरशी घासते, शेवाळ नसलं तरी घासते, पुन्हा पोर घसरू नये म्हणून. मला तिला खरं सांगवत नाही. ते तू येऊन सांग. मी जवळ बसेन.

तुझी बहीण,
फोटोतली नव्हे ती,
शिवकन्या