काचेच्या आतली बाजू

ता. ४ मार्च

ती. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही दोघी सुखरूप पोचलो. बायकांच्या वसतिगृहात एक कॉट मिळाली आहे. बिटकी भिंतीकडे झोपते आणि लाथा मला मारते. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी यांनी हे शहर दाखवायचं कबूल केलं होतं. शेवटी त्यांच्याशिवायच पाहते आहे.

तुम्ही बजावलंत तसं तिकिटाच्या जागी पाऊल ठेवलेलं नाही. बागेत संध्याकाळी पोलिसांचा बँड ऐकला, बंदरावर जहाजातून लाकडं उतरवताना दोन तास पाहिली. तुमच्या नातीला बँडवाल्याचे गाल पाहून हसू आवरेना.

बुधवारी संग्रहालय मोफत असतं. तिथे जुनी पुस्तकं दुरुस्त करायची खोली आहे, ती काचेतून बघता येते. एकजण वाळवी लागलेल्या नकाशाला पातळ कागद चिकटवत होता. खळ फार दाट झाली होती. दार उघडंच होतं, मला राहवेना, बोलून गेले.

गुडघा शेकता ना? रविवारी घरी पोचतो.

तुमची,
सून

ता. १२ मार्च

चि. सूनबाई हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवार गेला. तुम्ही आला नाहीत, आलं ते तुझं कार्ड, की अजून बरंच बघायचं राहिलंय. खाली बिटकीने तिच्या वाकड्या अक्षरात लिहिलंय की ती रोज वाचनालयात चित्रांची पुस्तकं बघते आणि आई काचेच्या खोलीत असते. काय गं, लोक काचेबाहेरून बघतात, मग तू आत कशी?

माझ्यापासून लपवू नकोस. माझा लेक विजेच्या खांबावरून पडला तेव्हाही सगळे मला नुसतं लागलंय म्हणून सांगत राहिले. दुपारपर्यंत मी त्याचा डबा झाकून ठेवला होता. त्याला आता दहा महिने होतील. पुन्हा मला तसं कुणी फसवू नये, तू तर नाहीच.

खरं काय ते लगेच कळव. रागावलेली असले तरी,
तुझी सासू

ता. १५ मार्च

ती. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

चुकले. डब्याचं तुम्ही कधी बोलला नव्हता.

खळ दाट झाली म्हटल्यावर तिथल्या प्रमुखांनी विचारलं, की तुम्हाला यातलं काय कळतं. मी म्हटलं, अकरा वर्षं पुस्तकबांधणीच्या दुकानात काढली, मालकांनी दुकान बंद केलं म्हणून घरी आहे. त्यांनी एक फाटकं पुस्तक पुढ्यात टाकलं. ते शिवून झाल्यावर आठवडाभर रोज यायला सांगितलं. आता पक्की नोकरी देतो म्हणतात, एक तारखेपासून.

तुम्हीही इकडे यावं. खोली लहान मिळेल, पण मिळेल. ते घर सोडणार नाही असं तुम्ही म्हणाल, हेही ठाऊक आहे, म्हणून लिहायला हात धजत नव्हता. तुम्ही नको म्हणालात तर आम्ही परत येऊ. पण आनंदाने येईन असं लिहिलं तर पुन्हा खोटं होईल. त्या घरात संध्याकाळी सायकल थांबल्याचा आवाज आला की मी अजून उठून उभी राहते. इथे दिवसभर मान खाली घालून शिवते, आणि परवा प्रथमच दुपार कधी झाली ते कळलं नाही.

तुमच्या उत्तराची वाट पाहणारी,
सून

ता. १९ मार्च

चि. सूनबाई हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी एक कडक पत्र लिहिलं. म्हातारीला टाकून चाललीस वगैरे सगळं होतं त्यात. सकाळी वाचलं आणि माझीच मला लाज वाटली. फाडून टाकलं.

मी येणार नाही. निदान आत्ता नाही. त्याचे कपडेसुद्धा अजून माझ्याने आवरले नाहीत. गुडघ्याचा बाऊ मी जरा जास्तच करते. खरं दुखणं तुम्ही दोघी नसताना घरात होणाऱ्या शांततेचं आहे. ते सोसेन. दर आठवड्याला पत्र मात्र हवं, आणि त्यात बँडवाल्यांच्या आधी तुझी खबर.

काल बिटकीच्या शाळेत जाऊन आले. शाळा सोडल्याचा दाखला सोबत पाठवते आहे, जपून ठेव. कारणाच्या रकान्यात काय लिहू, असं मास्तरांनी विचारलं. वडील वारले असं लिहायला त्यांनी पेन टेकवलंही होतं. मी म्हटलं, थांबा, ते नका लिहू. लिहा, आईला नोकरी लागली.

बिटकीला पापा.

तुझी,
आई