ब्रेक मारला की कट्ट

सिडको, छत्रपती संभाजीनगर
ऐन वैशाखात, कूलरसमोर बसून

ती. सरूअक्काच्या पायाशी,

धाकट्या राजेंद्रचा इथूनच वाकून नमस्कार. (खरोखर वाकलो होतो. पेन टेबलाखाली गेलं होतं. वाकलोच आहे तर नमस्कारही उरकून घ्यावा म्हटलं.) तुझे गुडघे कसे आहेत? पुण्याच्या लिफ्टची भीती गेली का? विश्वजीत फोनवर सांगतो की आईचं इथं छान चाललंय, पण तुझ्या या लेकाला लहानपणी ताप एकशे तीन असतानाही छानच वाटायचं, तेव्हा त्याच्या साक्षीवर मी जात नाही. तुला विचारावं तर तू फोन घेत नाहीस. घेतलास तर ‘व्हय, बरंय’ म्हणून नातवाच्या हातात देतेस आणि तो मला त्याच्या गेममधल्या पातळ्या सांगत बसतो. म्हणून हा कागद. कागद मधेच ठेवून देता येत नाही. फाडता येतो, पण पाठकोऱ्या कागदावर वाणसामान लिहिणारी बाई तू, तू काही फाडायची नाहीस.

इकडे मी आणि करुणा, आम्ही उभयता ठीक. गाडी मात्र आजारी होती, आणि त्याच आजाराची हकीकत तुला सांगायची आहे. संक्रांतीनंतर तू ‘चार दिवस लेकाकडं जाऊन येते’ म्हणून गेलीस आणि त्याच आठवड्यात गाडीच्या ब्रेकमधून आवाज यायला लागला. ब्रेक दाबला की ‘कट्ट’. जोरात दाबला की ‘कट्ट-कट्ट’. गाडी वीस वर्षांच्या माणसासारखी पळत होती, थांबतही नीट होती, फक्त थांबताना कोणीतरी कडक सुपारी कातरावी तसं वाजायचं. (हे शब्द मी तेव्हाच करुणापाशी बोललो होतो. देवानं मला जीभ दिली, पण तिचा डोक्याशी रस्ता ठेवला नाही.)

मेकॅनिककडे जायच्या आधी आपणच बघावं असं ठरवलं. मोबाईलवर एक पोरगा ब्रेकचे आवाज ऐकवतो: कुईं झालं तर पॅड झिजले, खर्र झालं तर डिस्क घासली, टक झालं तर कुठंतरी बोल्ट ढिला. ‘कट्ट’ त्याच्या यादीत नव्हतं, म्हणून आपलं आपणच ‘टक’च्या खात्यात घातलं. पोर्चमधल्या शहाबादी फरशीवर गाडी जॅकवर चढवली, मागच्या चाकांना विटा लावल्या आणि पुढचं डावं चाक काढलं. करुणा दारात चहा घेऊन उभी होती आणि विचारत होती, आता काय दिसतंय. आत मला एक चकचकीत तबकडी दिसत होती, तेच सांगितलं. जुन्या टूथब्रशनं सगळी धूळ काढली, पॅड बोटानं चाचपले, चांगले जाड होते. चाक परत बसवलं तेव्हा एक नट शिल्लक राहिला. पुन्हा सगळं मोजलं, पुन्हा जॅक लावला, तेव्हा कळलं की तो मागच्या उन्हाळ्यात कूलरमधून उरलेला नट माझ्या खिशात होता. गाडी काढली, कॉलनीच्या कोपऱ्यावर ब्रेक मारला. कट्ट.

मग शेजारचे अप्पाराव. अख्खी नोकरी एसटीत झाली, त्यामुळे इंजिनावर चालणाऱ्या कुठल्याही वस्तूबद्दल त्यांचं मत तयार असतं. ते माझ्या शेजारी बसले, डोळे मिटले आणि ‘मार ब्रेक’ म्हणाले. मी मारला. आवाज नाही. जालना रोडवर जाऊन मारला, उतारावर मारला, मागचा रिक्षावाला माझ्या सात पिढ्यांची चौकशी करून गेला इतक्या जोरात मारला. गाडी गप्प. अप्पाराव म्हणाले, ‘राजेंद्रराव, गाडीला काय बी झालेलं नाय. कान दाखवा.’ मी म्हटलं, करुणालाही ऐकू येतो. ‘मंग दोघं बी दाखवा.’ त्यांना फाटकाशी उतरवलं, गाडी पोर्चमध्ये घेतली. कट्ट.

शेवटी औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीतल्या शकीलभाईंकडे गेलो. तेही शेजारी बसले, तेही फेरी मारून आले. ‘साब, बिरेक तो मक्खन है,’ म्हणाले. मी तोंडानं आवाज काढून दाखवला. त्यांनी पुन्हा काढायला लावला. गॅरेजमधली माणसं जमली, त्यांनाही काढून दाखवला. शकीलभाईंनी खांद्यावर हात ठेवून विचारलं, ‘घरमें सब खैरियत है ना?’ अक्का, तुला खोटं कशाला सांगू? खैरियत होती, पण पुरती नव्हती.

कारण गाडीत बदल फक्त ब्रेकचा नव्हता. एवढी वर्षं माझ्या गाडीला दोन ब्रेक होते, एक माझ्या पायाखाली आणि एक तुझ्या. दाजी गेल्यावर तू आमच्याकडे राहायला आलीस आणि पुढची डावी सीट तुझी झाली. समोर म्हैस दिसली की तू माझ्याआधी पाय दाबायचीस आणि म्हणायचीस, ‘हळू रं राजा.’ म्हैस शेतात, रस्त्यापासून दोन बांध पलीकडे असली तरी म्हणायचीस. तुझ्या बाजूच्या मॅटला टाचेखाली भोक पडलंय, बघितलंयस का? मी चिडायचो. पैठणला जाताना एकदा तर मी म्हणालो होतो की लायसन तूच काढ. आता म्हैस समोर येते, मी ब्रेक मारतो आणि डावीकडे बघतो. करुणा अजून मागेच बसते. पुढं ये म्हटलं तर म्हणते, ‘वन्सं आल्यावर परत मागंच जायचंय, कशाला सवय लावून घ्यायची?’ लोकांना वाटतं मी तिचा ड्रायव्हर आहे. (तिचंही काही वेगळं मत नाही.)

आजार सापडला तो गंगापूरच्या खेपेत. शेतावरून ज्वारीची गोणी आणायची होती, डिकीत आधीच कांदा भरलेला, म्हणून गोणी तुझ्या सीटवर ठेवली. गाडी बेल्ट लाव, बेल्ट लाव म्हणून ओरडायला लागली, म्हणून गोणीला बेल्टही लावला. टोलनाक्यावरच्या माणसानं गोणीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पावती हातात दिली. घरापर्यंत एकदाही कट्ट झालं नाही. गोणी उतरवली, गाडी सावलीत लावायला दोन हात पुढं घेतली. कट्ट.

तिथंच इंजिन बंद करून बसलो. अप्पाराव बसले, आवाज नाही. शकीलभाई बसले, नाही. गोणी बसली, नाही. तुझी जागा रिकामी असली की आवाज. उतरलो, सीट पुढं सरकवली, फरशीवर आडवा झालो आणि सीटच्या खाली, वरच्या बाजूला, स्प्रिंगच्या तारांत हात घातला. हाताला गार पितळ लागलं.

अक्का, दाजींचा अडकित्ता. मोराच्या तोंडाचा, तोच. तुझ्या मांडीवरच्या पानसुपारीच्या चंचीतून सीटच्या फटीत गेला असणार आणि तारांत लोंबकळत राहिला. वर कोणी बसलं की तारा त्याला घट्ट धरायच्या. कोणी नसलं की ब्रेकसरशी झुलायचा आणि सीटच्या पट्टीवर आपटायचा. पुण्याला जायच्या आधी तू तो आठ दिवस शोधलास. कपाटं, गाद्या, पिठाचे डबे. मला तोंडावर काही बोलली नाहीस, पण करुणाला म्हणालीस, ‘माझ्या धन्याची एवढीच वस्तू राह्यली व्हती, ती बी त्याच्या डोळ्यात खुपली.’ डॉक्टरांनी सुपारी बंद करायला सांगितल्यावर मी ‘तो अडकित्ता फेकून दे’ म्हणून भुणभुण करायचो, हे खरं. पण फेकला नव्हता गं. तुझ्या हातात तो असला की दाजी ओट्यावर बसलेत असं मलाही वाटायचं.

फरशीवर आडवा पडूनच रडलो. करुणा धावत आली, तिला वाटलं जॅक अंगावर आला. तिला अडकित्ता दाखवला, मग तीही खाली बसली.

विश्वजीत म्हणतो, आता आईला इकडंच कायमचं ठेवतो. तो लेक आहे, त्याचा हक्क पहिला. मी फक्त गाडीच्या आजाराचं कळवलं.

सूनबाईंना आशीर्वाद, गेमवाल्या नातवाला पापा.

तुझा,
राजेंद्र

ता. क. विश्वजीतला हे फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, मामा, कुरिअर करून टाका. करणार नाही. पितळ वाटेत चेपतं. ज्याची वस्तू त्यानं येऊन न्यावी.

दुसरा ता. क. करुणानं कुरडयांचे गहू निवडून ठेवलेत. भिजत घातलेले नाहीत. म्हणते, चीक शिजला की नाही हे वन्संच्या हातालाच कळतं, त्या येईपर्यंत गहू कोरडे राहतील. उन्हाचे दिवस थोडे राहिलेत, एवढंच सांगायला सांगितलंय. पुण्याला न्यायला मी येतो. तू फक्त ‘ये’ म्हण.

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी एक सांगायचं राहिलं. अडकित्ता काढल्यावर गाडी घेऊन दौलताबादच्या रस्त्यानं जाऊन आलो. म्हैस आडवी आली, ब्रेक मारला, काहीच वाजलं नाही. इतकी गप्प गाडी मला चालवता येईना. घरी येऊन सीटखाली हात घातला आणि तो होता तिथंच अडकवून ठेवला. आता पुन्हा वाजतो. तू येऊन बसलीस की बंद होईल. गोणीनंही होतो, पण गोणी ‘हळू रं राजा’ म्हणत नाही.