घामेजलेली मान

पोशीर, मंगळवार, दिवेलागण

मुक्ताचा ताप परवापासून उतरत नव्हता. औषध दिल्यापासून मी लेकीचं कपाळच चाचपत होते. मघाशी सासूबाईंनी तिच्या मानेखाली हात घातला आणि म्हणाल्या, “घामेजली हाय गं. आता नको उठवू तिला.”

घाम आला, असं नाही म्हणाल्या. घाम मला चुलीपाशी रोज येतो, पदराने पुसला की संपला. मग घामेजणं म्हणजे? मीही मानेखाली हात घातला. नव्या माठाच्या पोटासारखी ओलसर, गार मान. ती झोपेत हसली, की मलाच तसं वाटलं?

थर्मामीटर आणायला उठणार होते. पण उजवा हात अजून तिच्या मानेखालीच आहे. हे सगळं डाव्या हाताने लिहितेय.