आयने न विचारलेली गोष्ट

मी, एस्थर सायमन कोळी, वय सत्तावीस, अविवाहित, नोकरी वकिलाच्या ऑफिसात, राहणार पाचूबंदर, वसई, जिल्हा पालघर, हे माझे दुसरे मृत्युपत्र लिहीत आहे. पहिले मी याच वर्षी ऑगस्टमध्ये केले होते. ते आजपासून रद्द समजावे. त्यात एक गोष्ट चुकीची लिहिली गेली आणि ती माझ्या आईबद्दल होती, म्हणून मालमत्तेच्या आधी तीच दुरुस्त करते.

माझी प्रकृती उत्तम आहे. हे माझे मत नाही. रुग्णालयाने छातीपासून दातांपर्यंत सर्व तपासून तसे कळवले आहे. मन ठिकाणावर आहे. घाबरलेले आहे, पण ज्यांच्याकडे मी काम करते ते अॅड. हर्षवर्धन सामंत म्हणाले की घाबरलेले मन कायद्याला चालते, फक्त स्वतःचे असावे लागते. ते माझेच आहे.

दुरुस्ती अशी. पहिल्या मृत्युपत्राच्या तिसऱ्या कलमात मी लिहिले होते: "माझ्या आईस काही देऊ नये. तिला मुलगा असला की पुरे. मला ती मोजत नाही."

हे वाक्य मी रागात लिहिले, आणि ते खरे नाही. ते का लिहिले आणि खरे काय होते, ते पुढे देते.

माझा मोठा भाऊ रॉबर्ट मागच्या डिसेंबरात आजारी पडला. रक्ताचा कॅन्सर निघाला. तो मामाच्या बोटीवर जात असे. आमची आई आग्नेस, जिला मी आय म्हणते आणि पुढेही तसेच लिहिते, तेव्हापासून मुंबईच्या रुग्णालयात त्याच्यापाशी आहे. औषधांनी आजार मागे हटला, पण तो पुन्हा येऊ नये म्हणून दुसऱ्या कोणाच्या तरी रक्तातल्या मूळ पेशी त्याला द्याव्या लागतील, असे डॉक्टर म्हणाले. सख्खे भावंड जुळले तर सर्वांत बरे. ऑगस्टमध्ये रॉबर्ट मला सहज म्हणाला, "डॉक्टर कवाधरना इचारतात, बहिनीची टेस्ट कवा. आय गप बसते." मी तेव्हा त्याला पेज भरवत होते. वाटी तिथेच ठेवून मी निघाले आणि त्या आठवड्यात पहिले मृत्युपत्र केले.

त्यानंतर मी स्वतः जाऊन चाचणी दिली. मी पूर्ण जुळले. चाचणीचा निकाल सांगताना तिथल्या बाई म्हणाल्या, "तुम्हीच एस्थर का? आईंनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, एक मुलगी आहे, पण तिला तुम्ही फोन करायचा नाही. आधी माझं घ्या, माझं चालत नसेल तर सांगा." आयचे अर्धेच जुळले, आणि तिची साखर व वय पाहून डॉक्टरांनी नकार दिला. तरी ती दर आठवड्याला पुन्हा विचारत राहिली, साखर उतरली तर चालेल का.

आय तेव्हा वॉर्डच्या दाराशी हात धूत होती. ती आत जाण्याआधी कोपरापर्यंत तीन वेळा हात धुते. मी तिला विचारले, "मला का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "मी इचारलं असतं तर तू नाय म्हनली असतीस?"

मी म्हणाले, "नसते."

"मंग तो इचारना कसला? आयने इचारलं का पोरीला तो हुकूमच." मग तिने नळ बंद केला. "तुझा बा दोन पायांनी चालत गेलेला हर्नियाला. बरा मानूस, पन खाटेवरना परत आला नाय. मी एकाला वाचवाला दुसरा बरा जीव त्या खाटेवर माझ्या हाताने कसा ठेवू? तू आपल्या पायानी आलीस तर गोष्ट निराली."

तिने मला मोजले नव्हते असे नाही. मला मोजूनच बाजूला ठेवले होते. ही दुरुस्ती येथे संपली. एवढे आणखी नोंदवते की तिच्या गप्प राहण्याने उशीर झालेला नाही. आजार मागे हटेपर्यंत थांबणे भागच होते, असे डॉक्टरांनी मला दोनदा सांगितले. हे लिहून ठेवते, कारण नंतर गल्लीत कोणीतरी आयला बोलेल.

पहिल्या मृत्युपत्रात आणखी एक चूक होती. फर्डिनंडमामाला, म्हणजे आयच्या भावाला, मी साक्षीदारही केले होते आणि माझा चांदीचा क्रूसही दिला होता. साक्षीदाराला दिलेली वस्तू कायद्याने त्याला मिळत नाही. वकिलाच्या ऑफिसात बसून मी ही चूक केली याची मला लाज वाटते. सरांनी वाचले तेव्हा ते फक्त म्हणाले, "एस्थर, दुसऱ्यांची मृत्युपत्रं तू बरी टाइप करतेस." आता मामा साक्षीदार नाही. क्रूस त्याला मिळावा, आणि या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानेच करावी. ते तिसरे कलम वाचूनही त्याने आयला सांगितले नाही. मला एवढेच म्हणाला, "लिव. राग कागदावर गेला म्हंजे घरात वास येत नाय."

आता मालमत्ता.

एक. पाचूबंदरचे घर बा मृत्युपत्र न करता वारल्यामुळे आय, रॉबर्ट आणि मी अशा तिघांचे सारखे आहे. माझा हिस्सा आयला द्यावा. रॉबर्टला नाही. तो रागावणार नाही, मी त्याला विचारले आहे. तो म्हणाला, "आयचा म्हंजे माझाच. तू कशाला दोन वेला स्टॅम्प लावतेस?" मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, हे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "बघ, फुकटात घर गेला."

दोन. बँकेतील ठेव आणि भविष्य निर्वाह निधी रॉबर्टच्या पुढच्या औषधांसाठी. पेशी दिल्यानंतरही त्याला बराच काळ औषधे आणि तपासण्या लागतील, हे लोक विसरतात. यातून माझ्या नावाने जेवण, बँड किंवा कबरीवर मोठा दगड करू नये. औषधांची गरज संपल्यावर जे उरेल ते आयचे. तिने ते चर्चमध्ये माझ्या नावाच्या मिस्सांना सगळे देऊन टाकू नये, अशी विनंती. एक मिस्सा पुरे.

तीन. हे कलम मुद्दाम येथे घालते, कारण जुने तिसरे कलम वाईट होते. घरातील माझे कपाट, कपडे, शिवणयंत्र आणि सोन्याची कुडी आयला. कुडी तिनेच माझ्या दहावीनंतर केली होती. आमच्या घरात दहावी झालेली मी पहिली. तिने तेव्हा पेढे वाटले नाहीत. बाजारात तिच्या टोपलीतल्या पापलेटावर त्या दिवशी कोणालाही भाव करू दिला नाही, म्हणाली, "आज नाय. आज माझी पोर पास झाली, आज भाव माझा."

चार. बाने बर्फाच्या पेटीच्या फळ्या ठोकून मला अभ्यासाला टेबल केले होते. ते अजून ओल धरते आणि पावसाळ्यात खारट वास येतो. ते रॉबर्टला. त्याने आठवीत शाळा सोडली. तो सगळ्यांना सांगतो, "मी नापास झालो म्हनून तिला वह्या मिल्ल्या." मी त्याला कधी आभार म्हटले नाही, कारण तो मस्करी करतो. टेबल म्हणजे तेच समजावे.

पाच. माझी स्कूटर अमिषाला द्यायची होती. ती माझ्याबरोबर ऑफिसात काम करते. पण मला एक साक्षीदार कमी पडत होता, आणि वर लिहिल्याप्रमाणे दोन्ही होत नाही. मी तिला नियम समजावून विचारले, साक्षीदार व्हायचे की स्कूटर हवी. ती म्हणाली, "सही कुठे करू ते सांग. आणि ती स्कूटर तूच चालव ना बाई, तिचा ब्रेक फक्त तुलाच लागतो." म्हणून स्कूटर विकावी, आधी ब्रेक दुरुस्त करून.

सहा. सँड्राकाकीविषयी. ती बाच्या भावाची बायको. तिने अख्ख्या गल्लीत सांगितले की पोरीचे रक्त काढल्यावर तिला मुले होणार नाहीत, तिच्याशी लग्न कोण करील. डॉक्टरांनी हे चूक असल्याचे आयसमोर सांगितले, तरी काकी म्हणते, "डॉक्टर काय सोयरीक घेऊन येनार हाय?" तिच्या माहितीसाठी नोंदवते की माझे लग्न झाले तर ख्रिस्ती कायद्याप्रमाणे हे मृत्युपत्र आपोआप रद्द होते. तेव्हा ज्यांना यातले काही नको असेल त्यांनी माझ्यासाठी मुलगा बघावा.

मी काकीला अजून माफ केलेले नाही. पण अंगणातले बोंबील सुकवायचे बांबू तिला द्यावेत. त्यातले अर्धे मीच माझ्या पहिल्या पगारातून घेतले होते, आणि बाकीचे देण्यास आयची संमती आहे. याचेही कारण लिहिते. पहिल्या औषधाच्या वेळी रॉबर्टच्या तोंडाला चव नव्हती, त्याने भाजलेला सुका बोंबील मागितला, आणि आयने तो पदराखाली घालून वॉर्डात नेला. आजारी मुलाने काही मागितले आणि ते कोळणीच्या घरात नसावे, हे तिला समजतच नाही. नर्स ओरडली नाही. तिने आयला शांतपणे सांगितले की सुक्या मासळीवर न दिसणारी बुरशी असते, बरा माणूस ती पचवतो, पण याच्या अंगात आता ती झेपायची ताकद नाही. आय परत आली आणि त्याच दिवशी घरातली सगळी सुकी मासळी देऊन टाकली, बांबू उतरवले, भिंती धुतल्या. मग घरोघर जाऊन सांगितले, रॉबर्ट घरी येईल तेव्हा आमच्या बाजूला कोणी बोंबील घालू नका. आमच्या गल्लीत असे सांगणे म्हणजे समुद्राला मागे सर म्हणण्यासारखे आहे. आधी ऐकले ते काकीने. तिने स्वतःची वलांडी, म्हणजे बोंबील सुकवायची बांबूची मांडणी, उचलून पार विहिरीपलीकडे नेली, आणि आमचे उतरवलेले बांबू पावसात ताडपत्री घालून जपले. तोंड तिचेच आणि हेही तिचेच. मला दोन्ही लिहावे लागते.

सात. बाजारातली आयची बसायची जागा माझी नाही, त्यामुळे मला देता येत नाही. ती आयला तिच्या सासूकडून मिळाली आणि रिवाजाने माझ्याकडे आली असती. आय रुग्णालयात असल्यापासून तिथे काकी बसते. आय परत येईल त्या दिवशी काकीने काही न बोलता उठावे. ती उठेल असे मला वाटते, फक्त काही न बोलता उठणार नाही.

आठ. माझ्या पेशींविषयी. पहिल्या मसुद्यात मी लिहिले होते की त्या माझ्या भावास द्याव्यात. सरांनी ती ओळ खोडली. जिवंत शरीर ही मालमत्ता नव्हे, ते मृत्युपत्राने देता येत नाही, स्वतः जाऊन द्यावे लागते. मला याची खूप काळजी वाटली. पेशी देण्याआधी रॉबर्टला एक मोठे औषध देतात, त्याने त्याच्या हाडांतले सगळे जुने रक्त बनणे थांबते. ते दिल्यावर माझ्या पेशी मिळाल्या नाहीत तर तो वाचत नाही. मधल्या काळात माणिकपूरच्या नाक्यावर मला एखाद्या रिक्षाने उडवले तर काय, असे मी डॉक्टरांना विचारले. ते हसले नाहीत. त्यांनी ठरवले की माझ्या पेशी आधी काढून गोठवून ठेवायच्या आणि मगच त्याचे औषध सुरू करायचे. मला पाच दिवस सुया घ्यायच्या आहेत, हाडे दुखतील, मग एका हातातून रक्त यंत्रात जाऊन दुसऱ्या हातातून परत येईल. कापाकापी नाही. जीवाला धोका फार थोडा आहे, असे त्यांनी सांगितले. थोडा म्हणजे शून्य नव्हे, म्हणून हा कागद.

नऊ. त्या वेळी मला काही झाले तर रॉबर्टला ते त्याच्यामुळे झाले असे कोणी म्हणू नये. सांत्वन म्हणूनही नको. गोठवलेल्या पेशी त्याला ठरल्या वेळीच द्याव्यात, माझ्या पुरण्यासाठी तारीख पुढे ढकलू नये. मला बाच्या कबरीत ठेवावे. ऑफिसच्या ओळखपत्रावरचा फोटो छापू नये.

दहा. रॉबर्ट माझ्या आधी गेला तर काय, हे कलम सरांनी लिहायलाच लावले. तसे झाल्यास त्याला दिलेले सर्व आयला जावे. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

हे मृत्युपत्र मी आयला वाचून दाखवले. तिला वाचता येत नाही, पण ऐकताना ती अडवते. नोव्हेंबर हा आमच्यात मृतांसाठी प्रार्थनेचा महिना, म्हणून सुरुवातीलाच म्हणाली, "मेलेल्यांच्या म्हैन्यात मरनाचा कागद. वकिलीनबायला दुसरा म्हैना गावला नाय?" जुन्या तिसऱ्या कलमातले वाक्य तिने मला पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाली, "ता खोडू नको. तवा तुला तसा वाटला ना? वाटलेला लिवलास. आता खाली बरोबर लिवलास. दोनी राहू दे." म्हणून जुने वाक्य वर जसेच्या तसे ठेवले आहे.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, कोणाच्या दबावाने नाही, आणि खालील दोघांच्या समोर सही केली. त्या दोघांना यातले काहीही मिळत नाही.

ठिकाण: माणिकपूर, वसई
दिनांक: शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

सही: एस्थर सायमन कोळी

साक्षीदार:
१. अॅड. हर्षवर्धन सामंत, माणिकपूर, वसई
२. अमिषा डाबरे, एव्हरशाईन सिटी, वसई पूर्व

सह्यांच्या खाली लिहिलेले मृत्युपत्राचा भाग धरत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरी आयने सांगितले म्हणून लिहिते. मी पेशी देईन त्या दिवशी रॉबर्टच्या वॉर्डात मामा बसेल, असे तिने ठरवून टाकले आहे. रॉबर्टने विचारले, "आन् तू?" ती म्हणाली, "वरीसभर तुझ्याच खाटेशी बसले ना? त्या दिशी मी पोरीकडं." मग मला म्हणाली, "दिवस लिव, म्हंजे कोनी बदलायचा नाय." सुया सोमवार, २४ नोव्हेंबरपासून. पेशी द्यायला मी जाईन तो दिवस शुक्रवार, २८ नोव्हेंबर २०२५.