मागच्या खोलीतली मंगलाष्टकं

साखरखेर्डा,
बुधवार, ११ जून २०२५

ती. गजेंद्रदादा,

नमस्कार. दर वेळी 'साष्टांग' लिहिते, या वेळी मुद्दाम लिहिलेलं नाही.

इकडे सगळे बरे आहेत. ह्यांची सोयाबीनच्या पेरणीची तयारी चालली आहे, बियाणं घरात येऊन पडलंय. आमची शाळा तेवीसला उघडेल. मंजुश्रीवहिनींची कंबर कशी आहे? मयुरीच्या लग्नाच्या धावपळीत त्यांनी फार अंगावर घेतलं.

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं. पण बाबांचा विषय निघाला की तू "ठेव आता, मले काम आहे" म्हणतोस. म्हणून कागद. फाडायचा तर फाड, पण वाचून फाड.

तुझा निरोप ह्यांनी सांगितला. "बाबाले आता डोणगावले पाठवून द्या, लोकं नावं ठेवून राह्यले." लोक नावं ठेवतात म्हणून! बाबांची आठवण येते म्हणून नाही, घर सुनं वाटतं म्हणून नाही. बाबा येणार नाहीत.

डिसेंबरात त्यांना लकवा मारला तेव्हा तूच त्यांना उचलून गाडीत घातलंस, बुलढाण्याला नेलंस, आठ दिवस दवाखान्याच्या बाकड्यावर झोपलास. हे मी विसरलेले नाही. म्हणूनच तर राग जास्त येतो. ज्याला काही वाटतच नाही त्याच्यावर कोण रागावत बसेल?

तिथल्या डॉक्टरांनी कागदाच्या पाठीवर डोक्याचं चित्र काढून आपल्या दोघांना समजावलं होतं. आठवतं का? मेंदूत प्रत्येक कामाला वेगवेगळे भाग आहेत. बाबांच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी बंद झाली. हालचालीचे बहुतेक तंतू मानेच्या जरा वर बाजू बदलतात, म्हणून मार डावीकडे बसला आणि हात-पाय उजवे पडले. शब्द जुळवून तोंडातून काढायची जागासुद्धा बहुतेक माणसांत डावीकडेच, कपाळाच्या अंगाला. ती गेली. ऐकलेलं समजायची जागा तिच्या मागे, कानाच्या आसपास. ती वाचली. "यांना सगळं समजतं," असं डॉक्टर दोनदा म्हणाले. तू मान हलवलीस. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते, मेंदूची आकृती दर वर्षी फळ्यावर काढते. मीही हलवली.

आणि मार्चमध्ये साखरपुड्याला तू काय केलंस?

व्याही भगवानराव पाया पडायला वाकले. बाबांना 'या, बसा' म्हणायचं होतं. मी त्यांच्या ओठांकडेच बघत होते. निघाली ती शिवी, तीही आईवरून. भगवानराव बिचारे म्हणाले, "असू द्या, आजारी माणूस आहे." परक्या माणसाला कळलं. तू मात्र सगळ्यांसमोर म्हणालास, "पाह्यलं का? तीन महिन्यांत माह्यं नाव नाही निघालं तोंडातून, अन् शिव्या कशा चटचट निघतात! नाटकं आहेत बुढ्याचे!"

बाबांनी डावा हात तोंडावर दाबून धरला होता. तू तो बघितला नाहीस.

मी नंतर जालन्याला वाचाउपचाराच्या मॅडमना मुद्दाम जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, नवं वाक्य दर वेळी जुळवावं लागतं. शिव्या, आकडे, पाठ झालेली गाणी जुळवावी लागत नाहीत, ती घडीव असतात. त्यांचे रस्ते बरेचसे वेगळे असतात, मेंदूची उजवी बाजू आणि आतला खोल भाग तिथं कामी येतो. म्हणून माणूस 'पाणी' म्हणायला जातो आणि शिवी बाहेर पडते. सगळ्यांत जास्त धक्का त्यालाच बसतो. मी हे सगळं तुला त्याच दिवशी फोनवर सांगितलं. तू म्हणालास, "मास्तरीणबाई, मले नको शिकवू."

मग एप्रिलमध्ये बाबा जेवत असताना, त्यांच्या ताटापुढे उभं राहून तू वहिनींना विचारलंस, "लग्नाच्या दिवशी याले कुठं ठेवाव?" खताच्या गोणीबद्दल विचारावं तसं. त्यांचा घास तोंडात तसाच राहिला. समजतं रे त्यांना!

डोणगावात चाळीस वर्षं एकही लग्न त्यांच्या मंगलाष्टकांशिवाय लागलं नाही. मयुरीसाठी तर त्यांनी स्वतः रचून ठेवली होती, ती आठवीत असल्यापासून. दर दिवाळीला तिला म्हणून दाखवायचे आणि ती लाजून स्वयंपाकघरात पळायची. त्या माणसाला तू नातीच्या लग्नात मागच्या खोलीत घातलंस. कूलर लावून दिलास, तांब्या भरून ठेवलास, म्हणजे झालं. मयुरीला सांगितलंस, "आबा झोपले."

इथवर 'तू', 'तू' असंच लिहीत आले. पुढचं लिहायला दोन दिवस गेले.

तू मला म्हणालास, "पुष्पे, कडी लाव अन् तिथंच उभी राह्य." मी लावली.

आतून त्यांनी दार ढकललं. मी म्हणाले, "बाबा, थोडाच वेळ." ढकलणं थांबलं. मांडवात भटजींनी माईकवर सुरुवात केली आणि त्याच वेळी आत बाबा म्हणायला लागले. दादा, एकही शब्द अडला नाही. तीच चाल, तोच आवाज, जरासा घोगरा. आणि त्यात नाव आलं, 'मयुरी'. स्वच्छ. पाच महिने ज्या तोंडातून घरातल्या कुणाचं नाव निघालं नव्हतं, त्यातून. मांडवात कुणालाच ऐकू गेलं नाही. मला गेलं.

माझा हात कडीवर होता. उघडायला एक क्षण लागला असता. तुझी भीती वाटली असं सांगितलं तर खोटं होईल. माझी सासरची माणसं दुसऱ्या रांगेत बसली होती. 'सावधान'नंतर बाबांच्या तोंडून शिवी निघाली तर माझी काय शोभा राहील, हे माझ्या मनात आलं. मास्तरीणबाईच्या मनात! मी वाजंत्री थांबेपर्यंत उभी राहिले आणि मग दार उघडलं.

लग्नानंतर चौथ्या दिवशी "मी बाबांना घेऊन जाते" म्हणाले, तेव्हा तू वहिनींना म्हणालास, "पोरीचा जीव आहे बापावर." मी ते कौतुक तसंच पदरात घेतलं.

गेल्या रविवारी मयुरी नवऱ्याला घेऊन आली. तिला सगळं सांगितलं, बाबांच्या समोरच. ती उठून उभी राहिली. "आत्या, तू दार काऊन नाही उघडलं? पप्पा तसेच आहेत, मले माहीत आहे. पण तू?" मग ती आबांच्या पायाशी बसली, त्यांचा डावा हात हातात घेऊन ताल धरला आणि म्हणाली, "आबा, म्हणा." त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली. जावई हात जोडून उभा होता. ओसरीवर शेजारच्या सोजराबाई डोळे पुसत होत्या. तुझ्या लेकीचं खरं लग्न माझ्या ओसरीवर लागलं आणि तू तिथं नव्हतास.

आणखी एक. इथं आल्यापासून बाबा माझ्या हातचं खात नाहीत. ह्यांनी भरवलं तर खातात. मी घास पुढं केला की तोंड फिरवतात. मला वाटलं, आजाराचा भाग असेल. मयुरी गेल्यावर मी विचारलं, "बाबा, कडी मी लावली म्हणून का?" त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि मान हलवली. हो.

शिवी आपोआप येते. हे तोंड फिरवणं मात्र त्यांनी ठरवलेलं आहे.

तर तू ये. लोकांना दाखवायला गाडी भरून नको, एकटा ये. त्यांच्यासमोर जमिनीवर बस आणि काय केलंस ते तोंडानं बोल. त्यांना शब्द न् शब्द समजेल. त्यांनी शिवी घातली तर मुकाट्यानं घे. मला तर तीही मिळालेली नाही.

तुझ्याइतकीच गुन्हेगार,
पुष्पांजली