फोनवरची बाई

ती. ताईस,

मला बढती मिळाली. वीज गेल्याच्या तक्रारींचे फोन घेणं सुटलं. सोमवारपासून काउंटरवर बसायचं.

“आवाज जाड काढ,” असं तू लहानपणी सारखी बजावायचीस. जमलं नाही. फोनवर लोक मला बाई समजायचे आणि मी समजू द्यायचो. एक आजी तर वीज असतानाही फोन करायच्या. “घरी कोण कोण असतं गं?” विचारायच्या. मी सांगायचो, “एक भाऊ आहे. फारसा बोलत नाही तो.”

काल त्यांना म्हटलं, लग्न ठरलंय, नोकरी सोडतेय. म्हणाल्या, “सुखी राहा, बाई.”

फोन ठेवल्यावर सगळ्यांनी बढतीबद्दल अभिनंदन केलं. मी जाड आवाजात थँक्यू म्हटलं. आता जमतं.

हे पत्र पाठवत नाही. पाठवलं तर तू फोन करशील, आणि कोणत्या आवाजात बोलायचं ते मला ठरवावं लागेल.

तुझा,
भाऊ