कोरडी वाळू

जालना, सोमवार, ८ जानेवारी १९४५

गल्लीतलं सांडपाणी गाळायला मी वाळू-कोळशाचा खड्डा करून घेतला, पण त्यातली वाळू अजून कोरडीच. मुद्दाम कुणी नाली बुजवली का? बी.ए. झालेली पोर डोळ्यांत खुपते म्हणून? संध्याकाळी शेजारच्या खालांनाच गाठलं.

“बेटी, तू इतका साफ बनवला. त्यात घाण पाणी कसं टाकावं? कुणीच न्हाई टाकत.”

“मंग टाकता कुठं?”

“विहिरीमागं. बिलकुल फिकर करू नको.”

विहिरीमागं! सगळी गल्ली तेच पाणी पिते. म्हणून वाळू कोरडी! पण मग आपल्या न्हाणीचं पाणी रोज जातं कुठं? घरी येऊन आईला विचारलं. ती चुलीकडे वळली.

“तुझा खड्डा मीच कशी बाटवू गं माय?”